डेटा जुळला, पण सिस्टीम चालली का?

मायग्रेशनचा, म्हणजे कंपनीची सॉफ्टवेअर सिस्टीम नव्या डेटाबेसवर किंवा प्लॅटफॉर्मवर हलवण्याचा हंगाम आला की एक मेसेज हमखास फिरतो: ‘सिस्टीम जशीच्या तशी हलवताय, एकही फंक्शन बदललेलं नाही. मग ऑटोमेटेड रिग्रेशन (जुनं काम आधीसारखंच चालतं का, हे स्क्रिप्टने तपासणं) आणि लोड टेस्टिंगवर (गर्दीचा भार पेलतो का, ही चाचणी) पैसे कशाला? डेटा जुळवा, यूजरची यूएटीवर (यूजरने स्वतः वापरून पाहायची चाचणी) सही घ्या. उरलंसुरलं हायपरकेअरमध्ये (सुरू झाल्यानंतरच्या जादा देखरेखीच्या काळात) निस्तरता येतं.’

‘फंक्शन बदललेलं नाही’ यापासून सुरू करू. कोडची ओळही बदलली नसेल, पण त्याच्या पायाखालची जमीन बदलली ना! ओरॅकल हा डेटाबेस रिकाम्या स्ट्रिंगला (एकही अक्षर नसलेल्या मजकुराला) नल, म्हणजे ‘माहितीच नाही’ असं मानतो; पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस मानत नाही. त्यामुळे ‘पत्ता नसलेले ग्राहक’ शोधणारी तीच क्वेरी वेगळी यादी देऊ शकते, तीही एरर न देता. सॅप हे कंपन्यांचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर हाताळणाऱ्यांना तर हे पाठच असेल: ऑर्डर बाय (क्रम लावण्याची सूचना) न लिहिता आणलेल्या ओळी जुन्या डेटाबेसवर बहुतेकदा की-च्या (प्रत्येक ओळीच्या ओळखखुणेच्या) क्रमानेच यायच्या, म्हणून पुढचा बायनरी सर्च (क्रमवार यादी निम्मी-निम्मी करत शोधणं) वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला. सॅपच्याच नव्या हाना डेटाबेसवर तो क्रम गृहीत धरता येत नाही. सर्चला असलेली ओळ सापडत नाही, प्रोग्राम मात्र पडत नाही. चुकीची बेरीज नीटनेटकी छापून येते. जुनं आणि नवं आउटपुट शेजारी ठेवून रोज रात्री तुलना करणारी स्क्रिप्टच असलं काही पकडते.

यूएटीची सही? यूजर बिचारा रोजचं काम सोडून येतो, एक ऑर्डर, एक बिल, एक रिटर्न करून पाहतो आणि सही करतो. ३१ मार्चचं क्लोजिंग कोण करून बघतं? हे मात्र मान्य, की प्रत्येक स्क्रीन ऑटोमेट करणं वेडेपणा आहे. बटण हललं की स्क्रिप्ट मोडते. पैसा आणि साठा हलवणारे व्यवहार आधी घ्या.

आता ‘डेटा जुळला की झालं’. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहक जुन्या मालकाच्या, म्हणजे लॉइड्सच्या सिस्टीमवरून नव्या प्लॅटफॉर्मवर नेले. डेटा व्यवस्थित पोचला, हे पुढे नियामकांनीही मान्य केलं. तरीही सोमवारी सकाळी लोकांना स्वतःच्या खात्यात शिरता येईना. ऑनलाइन बँकिंगच नव्हे, शाखांचं कामही अडलं. डेटा सेंटर दोन होती आणि गो-लाइव्हपूर्वीची, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष सुरू करण्याआधीची परफॉर्मन्स टेस्ट झाली होती एकाच सेंटरवर! मांडणीतल्या चुका दिसल्या त्या खऱ्या ग्राहकांची गर्दी आल्यावर. डेटा जुळवणीत बेरजा तपासल्या जातात. हजारो लोक एकदम लॉगिन झाले तर काय होईल, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही.

राहिलं हायपरकेअर. टीएसबीचं कामकाज पूर्ण सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. सुमारे सव्वादोन लाख तक्रारी आल्या, ग्राहकांना ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई द्यावी लागली. २०२२ मध्ये दोन नियामकांनी मिळून ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. आणि ‘सही घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी खास: नव्या प्लॅटफॉर्मच्या पुरवठादार कंपनीच्या तयारीवर नीट देखरेख ठेवली नाही म्हणून २०२३ मध्ये बँकेच्या तत्कालीन मुख्य माहिती अधिकाऱ्यालाही वैयक्तिक दंड झाला, ८१,६२० पौंड.