राख उत्तर आयर्लंडची, बोल हीट पंपाला

घर तापवायला अक्षय ऊर्जा वापरणाऱ्यांना दिलेली सबसिडी म्हणजे जाळलेला पैसा, असा संदेश सध्या फिरतोय. पुरावा म्हणून उत्तर आयर्लंड. सोबत दोन पुरवण्या: हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता घरात आणणारं यंत्र, शेवटी विजेवरच चालतो, आणि मलई पैसेवाले खातात.

उत्तर आयर्लंडचा घोटाळा खराच. तिथल्या २०१२च्या सबसिडी योजनेत बायोमास (लाकूड वगैरे जाळणाऱ्या) बॉयलरच्या दर युनिट उष्णतेला मिळणारा पैसा लाकडी पेलेटच्या, म्हणजे दाबून केलेल्या भुशाच्या गोळ्यांच्या, खर्चापेक्षा जास्त होता, आणि किती जाळावं याला मर्यादा नव्हती. जास्त जाळा, जास्त कमवा! २०१७त याच वादात तिथले उपमुख्यमंत्री मार्टिन मॅक्गिनेस यांनी राजीनामा दिला आणि सरकार गेलं. पण घोटाळा झाला तो व्यवसायांसाठीच्या योजनेत, घरांच्या नव्हे. शेजारी ब्रिटनमध्ये तशाच छोट्या व्यावसायिक बॉयलरना वरचा दर वर्षातल्या पहिल्या १३१४ तासांपुरता होता, पुढे तो घसरायचा. उत्तर आयर्लंडनं योजना उचलली, नेमकी ही अट गाळली. ब्रिटनची घरगुती योजना २०१४ची. तिथे बहुतेक घरांना पैसे मिळायचे ते घराला अंदाजे किती उष्णता लागेल यावर, सात वर्षं. खिडक्या उघड्या टाकून बॉयलर पेटवला तरी एक पेनी जास्त नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार.

विजेचं म्हणाल, तर हीट पंप वीज जाळून उष्णता करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो. एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता. गॅसवरच्या वीजकेंद्रात निम्मी ऊर्जा वाया गेली तरी एका युनिट गॅसमागे दीड युनिट उष्णता पडते. तारांमधली गळती धरून थोडी कमी. गॅस बॉयलर ०.९ देतो.

पैसेवाल्यांचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. आधी खिशातून खर्च करा, मग सात वर्षं हप्त्यानं परत घ्या, ही रचना शिल्लक असलेल्यांनाच झेपणारी. ब्रिटनच्या २०२२पासूनच्या योजनेत अनुदान सुरुवातीलाच वजा होतं, २०२३त ते हीट पंपासाठी ७५०० पौंड झालं, तरी बरंचसं बिल उरतंच. आणि खरी मेख पुढेच आहे. ब्रिटनमध्ये २०२५त विजेचं युनिट गॅसच्या जवळपास चौपट महाग होतं, त्यात पर्यावरण योजनांचा अधिभार वर्षानुवर्षं विजेवरच जास्त लादलेला. तीनपट उष्णता, चौपट दर. एका हातानं अनुदान द्यायचं आणि दुसऱ्या हातानं तेच उपकरण चालवणं महाग करायचं, यावर तो संदेश अवाक्षर काढत नाही.