फर्म वेगळी, तुम्ही वेगळे? अजिबात नाही

कोथरूडला राहणारी माझी मावसबहीण पैठणीच्या काठांच्या पर्स शिवून ऑनलाइन विकते. काल रात्री तिने एक मेसेज पाठवला. गृहउद्योग करणाऱ्या बायकांच्या तीन ग्रुपवर तो एकाच दिवशी आला होता. म्हणे, पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे तुमच्या खात्यात आणणारी सेवा, फर्मच्या नावाने घ्या. मग काहीही झालं तरी जबाबदारी फर्मची, मालकाच्या बचत खात्याला आणि घराला कुणी हात लावू शकत नाही. उद्यम नोंदणी केली की तुमची कंपनीच झाली. ग्राहकाचा परतावा गेटवेवाले भरतात. आणि धंदा बंद केला की देणं संपलं. खाली तिचा प्रश्न: "दादा, मग दिवाळीच्या सगळ्या ऑर्डरचे पैसे आगाऊ घेऊन टाकू ना?"

त्या प्रश्नामुळे हे लिहायला बसलो.

एकल मालकीत, म्हणजे बहिणीसारखा एकट्याने, कंपनी न काढता केलेल्या धंद्यात, मालकाहून वेगळी अशी फर्म कायद्याला दिसतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने अशोक ट्रान्सपोर्ट एजन्सी विरुद्ध अवधेश कुमार या १९९८च्या निकालात हे स्वच्छ सांगितलंय: मालकी संस्था म्हणजे मालक ज्या नावाने धंदा करतो ते नाव, बाकी काही नाही. दावा त्या नावावर लावता येतो, पण वसुली माणसाकडून होते. निकाल वाचायचा नसेल तर आपलं पॅन कार्ड बघा. चौथं अक्षर पी असेल, म्हणजे व्यक्ती. कंपनीच्या पॅनवर तिथे सी असतं. जीएसटी नंबर असेल तर सुरुवातीचा २७ हा महाराष्ट्राचा आकडा सोडा, पुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचंच पॅन. गेटवेच्या फॉर्मवर भरलंत तेही हेच, आणि करारावर सही तुमची. करंट खातं वेगळं ठेवलं की हिशोब सोपा जातो, जरूर ठेवा. पण वसुलीसाठी कोर्टाचा हुकूमनामा झाला तर तुमचं बचत खातंही त्यात येतं.

थोडं खरं आहे, तेही सांगतो. फ्लॅट एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल आणि तो जामीन राहिला नसेल, तर बायकोच्या धंद्याच्या देण्यापायी तो जप्त होत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारं यांनाही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने संरक्षण आहे. तेव्हा बहिणीचं शिलाई मशीन वाचेल. तिच्या नावावरची एफडी वाचणार नाही.

परताव्याचं तर उलटंच आहे. ग्राहकाने कार्डाने पैसे भरले आणि माल आलाच नाही अशी बँकेकडे तक्रार केली, की गेटवे तुमच्याकडे पुरावा मागतो. कुरिअरची पोच, बिल, ग्राहकाशी झालेलं बोलणं, हे सगळं ठरलेल्या मुदतीत द्यावं लागतं. नाही दिलं तर ती रक्कम तुमच्या पुढच्या जमा रकमेतून कापली जाते. जमा काहीच नसेल तर तुमच्या नावाने मागणी येते. कार्डांच्या नियमांत बऱ्याच तक्रारींना १२० दिवसांपर्यंत मुदत असते. म्हणजे दिवाळीला घेतलेल्या आगाऊ पैशांची तक्रार संक्रांतीनंतरही येऊ शकते, आणि तोवर ते पैसे कापडात आणि शिलाईत गेलेले असतात.

उद्यम नोंदणी ही लघुउद्योग म्हणून झालेली नोंद आहे, तिने कंपनी होत नाही. धंद्याचं देणं सहसा मालकाच्या घरापर्यंत येऊ नये असं खरंच वेगळेपण हवं असेल तर २०१३च्या कंपनी कायद्यात एकल व्यक्ती कंपनी (ओपीसी) आहे, २००८च्या कायद्याची मर्यादित दायित्व भागीदारी (एलएलपी) आहे. दोन्हींना खर्च आणि दरवर्षीचं कागदकाम आहे, आणि तिथेही वैयक्तिक हमीवर सही केलीत तर ते कवच गेलंच.

धंदा बंद केला तरी देणं राहतं. जीएसटी नोंदणी रद्द झाली तरी आधीचा कर चुकत नाही, हे त्या कायद्याच्या कलम २९ मध्येच लिहिलंय.

बहिणीला सांगितलंय: कापडापुरतेच आगाऊ पैसे घे, बाकीचे पर्स पाठवताना. कुरिअरची प्रत्येक पावती ठेव. आणि हे उत्तर त्या तिन्ही ग्रुपवर टाक.