जावाच्या जहाजाचा मेसेज: माझी चूक

रविवारी मीच टाकलेला मेसेज आता भलत्याच ग्रुपांवरून माझ्याकडे परत येतोय: ‘युरोपच्या जुन्या नकाशावर जावाचं प्रचंड जहाज, जावाचे खलाशी १४२० मध्येच अटलांटिकमध्ये!’ सोबत दगडातल्या जहाजाचा फोटो.

नकाशा खरा आहे, व्हेनिसच्या फ्रा माउरोचा, १४५० च्या सुमाराचा. हिंदी महासागरात जहाजंही काढलीत. १४२० च्या सुमारास ‘दियाब’ भूशिरापलीकडे (बहुधा आफ्रिकेचं दक्षिण टोक) गेलेल्या जहाजाची नोंद त्यावर आहे, पण ती ‘इंडियाच्या जंका’ची, म्हणजे मोठ्या शिडाच्या जहाजाची. जावाचं नाव त्या नोंदीत नाही. आणि तेव्हाच्या युरोपीयांचा ‘इंडिया’ फारच ऐसपैस, त्यामुळे जहाज नेमकं कुठलं ते त्यावरून ठरत नाही.

फोटो तर जावातल्या बोरोबुदूर या बौद्ध स्मारकावरच्या शिल्पाचा, म्हणजे आठव्या-नवव्या शतकातला. मोठा करून पाहा, बाजूला उलांडी (तोल राखणारं तरंगतं लाकूड) स्पष्ट दिसते. कोकणातल्या होडीला असते तशीच. जावाच्या मोठ्या ‘जोंग’ला उलांडी नसे. हे मला पाठवण्याआधीच दिसायला हवं होतं.

जोंग अवाढव्य होते, हे मात्र खरं. १५१३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मलाक्कावर चालून आलेल्या जावाच्या पाती उनुसच्या जोंगला फळ्यांचे थरावर थर होते, तोफगोळे आरपार जात नव्हते, असं पोर्तुगीज कप्तानानेच लिहून ठेवलंय. चित्रच हवं तर गोव्यात राहून गेलेल्या डच प्रवासी लिन्सखोटेनच्या १५९६ च्या पुस्तकात चीन-जावाच्या जहाजांचं आहे, चटईच्या शिडांसकट.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा टाका.