रवांडा : गर्दीतून माणूस निवडण्याचा प्रश्न (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सप्रेम नमस्कार,

१९९४ मध्ये रवांडात हुतू अतिरेक्यांनी तुत्सींचा वंशसंहार केला. त्यानंतरच्या रवांडावरील माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. मला समजले त्याप्रमाणे आपले आक्षेप तीन आहेत. गोमाच्या छावण्यांतील हुतू निर्वासितांविषयी लिहिताना मी मारेकऱ्यांची कणव केली. गावोगावच्या ‘गचाचा’ न्यायालयांना मी न्याय म्हटले, जी प्रत्यक्षात सरकारने लादलेली माफी होती. आणि विजयी पक्षाने, म्हणजे हुतू सरकारला हरवून सत्तेवर आलेल्या तुत्सीप्रधान सैन्याने, केलेल्या हत्यांबद्दल मी अवाक्षरही काढले नाही. यांपैकी तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, पहिला मुळीच नाही, आणि दुसऱ्याने मला पुन्हा विचार करायला लावले.

हे सैन्य जिंकत आले तेव्हा, जुलै १९९४ मध्ये अवघ्या काही दिवसांत आठ लाखांच्या आसपास हुतू माणसे सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमधील (आजच्या काँगोतील) गोमा परिसरात शिरली. तेथील जमीन म्हणजे थिजलेला लाव्हा. संडासाचे खड्डे खणता येईनात, प्रेते पुरता येईनात, ती चटईत गुंडाळून रस्त्याच्या कडेला ठेवली जात. पहिल्या महिन्याभरात कॉलरा आणि हगवणीने सुमारे पन्नास हजार जीव घेतले. याच गर्दीत हुतू सरकारचे पराभूत सैन्य होते, कत्तली करणाऱ्या इंटरहाम्वे या हुतू टोळ्या होत्या, आणि ज्यांनी गावात कत्तलीचे हुकूम सोडले त्यांतलेच अनेक पुढारी आता छावणीत धान्यवाटपाच्या याद्या सांभाळत होते. घरी परतण्याची भाषा करणाऱ्याला ते धमकावत, प्रसंगी ठारही मारत. म्हणजे मारेकरी होतेच, पण ती बायका-मुले मारेकरी नव्हती, आणि दोघांना वेगळे करण्याचे काम कोणी केले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांनी त्यासाठी फौज मागितली, तेव्हा सैनिक द्यायला देश पुढे आले नाहीत. सीमांपलीकडे काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेची फ्रेंच शाखा मारेकऱ्यांना पोसणे नको म्हणून नोव्हेंबर १९९४ मध्ये बाहेर पडली. मी त्या निर्णयाला नावे ठेवत नाही. पण छावणी तशीच राहिली.

आपला तिसरा आक्षेप येथूनच सुरू होतो, आणि मी तो मूळ लेखात टाळला ही माझी चूक. १९९६ च्या शरदात रवांडाचे नवे सैन्य आणि झाईरमधील बंडखोर नेते लोरां कबिला यांच्या फौजांनी छावण्या मोडल्या. सहा लाखांहून अधिक लोक नोव्हेंबरमध्ये पायी परतले. जे पश्चिमेला जंगलात पळाले त्यांचा पाठलाग झाला. संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या अहवालात त्या वाटेवर झालेल्या निःशस्त्र निर्वासितांच्या सामूहिक हत्या नोंदवल्या आहेत. दोन वर्षे कोणी निवड केली नाही आणि शेवटी सुक्याबरोबर ओलेही जळले. सगळ्या छावणीलाच मारेकरी म्हणण्याला माझा विरोध आहे तो याच कारणाने.

आता गचाचा. परतलेल्यांमुळे तुरुंग आणखी भरले. सव्वा लाखाच्या आसपास कैदी, आणि बहुतेक न्यायाधीश व वकील मारले गेलेले किंवा परागंदा. टांझानियातील अरुशा येथे रवांडासाठी बसवलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणाने मोठे मासे पकडले. रवांडातील ताबा या भागाचे महापौर झां-पॉल अकायेसू यांना १९९८ मध्ये दोषी ठरवताना बलात्कारही वंशसंहाराचे कृत्य असू शकतो, असे त्याने प्रथमच म्हटले. पण २०१५ अखेर बंद होईपर्यंत त्याने आरोपी केले फक्त ९३. त्यामुळे गवतावर बसून तंटे सोडवण्याची जुनी रीत कायद्यात घालून, २००५ पासून देशभर सुमारे बारा हजार न्यायालये बसवली गेली. गावाने निवडलेले पंच गळ्यात पट्टा घालून बसत, आरोपी गुलाबी कैदी-पोशाखात उभा राहत, आणि समोर ज्याच्या घरातले गेले तो शेजारी. शिक्षेत सूट हवी असेल, तर कबुली पुरेशी नसे. साथीदारांची नावे आणि प्रेत कोठे टाकले ती जागा सांगावी लागे. त्या सांगण्यावरून कित्येक खड्डे उकरले गेले, आणि दहा-बारा वर्षांनी हाडे रीतसर पुरली गेली. याला मी लादलेली माफी म्हणणार नाही. छावणीत न झालेली निवड येथे एकेका माणसाबाबत, भल्याबुऱ्या रीतीने, पण झाली.

भली कमी आणि बुरीच जास्त, असे आपण म्हणाल, आणि त्यासाठी आपल्याकडे मुद्दे आहेत. आरोपीला वकील नव्हता. विजयी सैन्याचे गुन्हे या न्यायालयांच्या कक्षेत येतच नव्हते, त्यामुळे ज्याचे आईबाप त्या सैन्याने मारले त्याला गवतावर बोलण्याची सोय नव्हती. २००८ नंतर बलात्काराचे खटलेही गावाकडे आले. बंद दाराआड झाले तरी लहान गावात बंद दार म्हणजे काय, हे सांगायला नको. २०१२ मध्ये काम संपले तेव्हा निकाली प्रकरणे जवळपास वीस लाख होती, आणि त्यांतली सुमारे तेरा लाख लुटीची : पत्रे, गुरे, शेतातले पीक. भरपाईचे हुकूम निघाले, मात्र देणाऱ्याकडे द्यायला काही नव्हते. आणि मारल्या गेलेल्या माणसांसाठी वाचलेल्यांना भरपाई देणारा कायदा तर झालाच नाही.

म्हणून एक दुरुस्ती करतो. लेखात मी दोन ठिकाणी ‘सलोखा’ लिहिले होते. शिक्षा भोगून आलेला माणूस आणि त्याने विधवा केलेली बाई एकाच विहिरीवर पाणी भरतात, याला सलोखा म्हणायचे की नाही, हे त्या बाईने ठरवावे. तेथे आता ‘शेजार’ असा शब्द घातला आहे.