कौलं काढण्याआधी एकदा चाळून बघा

दापोली तालुक्यातल्या आमच्या घराचं छप्पर बदलायचं की नाही, यावर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन उन्हाळे चर्चा चालली होती. पत्रा घातला की विषय संपला, असं बहुतेकांचं मत. मी पहिल्यापासून कौलांच्या बाजूची. या मे महिन्यात आम्ही सगळ्यांनी मिळून घर शाकारलं, म्हणजे कौलं उतरवून, साफ करून परत चढवली, आणि माझं मत आणखी पक्कं झालं. ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण हाच प्रश्न कोकणातल्या कितीतरी घरांपुढे आहे.

पत्र्याची बाजू खोटी नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात छपरंच्या छपरं उघडी पडली. माड-पोफळी आडव्या झालेल्या, मृग चार दिवसांवर, कौलं मिळेनात आणि ती चढवणारी माणसंही मिळेनात. त्या वेळी ज्यांनी मिळेल तो पत्रा घातला त्यांनी घर वाचवलं. दुसरं कारण माकडांचं. फणस-आंबे धरले की टोळी एका छपरावरून दुसऱ्यावर उड्या मारत जाते आणि एका दुपारी पंधरा-वीस कौलांचा चुरा होतो. घरात दोन म्हातारी माणसं असतील, मुलं मुंबई-पुण्याला असतील, तर पावसाळ्यात रात्री भांडी कुठे कुठे मांडायची? अशा घराने पत्रा घातला तर मी त्याला शहाणपणच म्हणेन. आम्हीही मागच्या पडवीवर, जिथे फणसाची फांदी टेकते तिथे, खाली पत्रा घालून त्यावर कौलं रचली आहेत.

माझं म्हणणं आहे ते ज्यांच्याकडे माणसं आहेत, सुट्ट्या आहेत, फक्त दरवर्षीची कटकट नको आहे, अशा माझ्यासारख्या घरांबद्दल. मला वाटतं, घराला त्या कटकटीची गरज असते. आपल्यालाही.

कौलं चाळणं म्हणजे काय, हे आमच्या घरातल्या तिशीच्या आतल्या कुणी पाहिलंच नव्हतं. वाडीतले तात्या आढ्यावर, त्यांच्याखाली दादा, मग शिडीवर भाचा, खाली आम्ही बायका आणि पोरं. एकेक पट्टा उघडायचा, कौलं हातोहात खाली द्यायची, खराट्याने आणि काथ्याने घासायची. मंगलोरी कौलाला खाचा असतात, एकाची खाच दुसऱ्याच्या कडेत बसते. त्या खाचेत वर्षभराचा पाचोळा आणि शेवाळ साचलं की पाणी खाली धावायचं सोडून उलटं आत शिरतं. गळती म्हणतो ती पुष्कळदा एवढीच असते, कौल चांगलं शाबूत असतं. मग रिपा, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्या, तपासायच्या. आमच्या जुन्या रिपा पोफळीच्या, बऱ्याच पोखरल्या होत्या, त्या बदलल्या. वासे ऐनाचे, त्यांना काही झालेलं नाही. वाळवीसाठी काजूच्या टरफलांचं काळं तेल लावलं. ते अंगावर उडालं तर कातडी सोलते, म्हणून ते काम तात्यांनी पोरांना करू दिलं नाही. आणि कौलं परत चढवताना वळचणीपासून सुरुवात करून आढ्याकडे जायचं.

आता काकूबद्दल. ती ऐंशीच्या पुढची. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय, दुसऱ्या डोळ्याला फारसं दिसत नाही. काका गेल्यापासून ती बोलायची कमी झाली होती. दुपारी पडून राहायची, रात्री जागी असायची, जेवण नावापुरतं. घरात प्रत्येकजण तिला प्रेमाने एकच सांगायचा, तुम्ही बसा. चहा करायला उठली तर तुम्ही बसा, भाजी निवडायला घेतली तर तुम्ही बसा. घरोघरी हेच चालतं. सगळं आयुष्य ज्या बाईने घर ओढलं, तिच्या हातातलं काम काढून घेणं म्हणजे तिला सुख देणं, असं आपण धरून चालतो. मला हे अजिबात पटत नाही.

शाकारणीच्या पहिल्या सकाळी ती अंगणात येऊन बसली आणि खाली आलेली कौलं बोटाच्या पेराने वाजवायला लागली. चांगलं कौल खणखणीत वाजतं. बारीक तडा असेल तर बद्द आवाज येतो, मग डोळ्यांना तो तडा दिसो न दिसो. आम्ही धुऊन चांगल्यांच्या ढिगात ठेवलेलं एक कौल तिने परत मागवलं. "अगो, हे बद्द बोलतंय, बाजूला ठेव." उन्हात धरून पाहिलं तर केसासारखी चीर. त्यानंतर तात्यांनी वरून सांगूनच टाकलं, वहिनींच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही कौल वर यायचं नाही. सगळी शाकारणी होईपर्यंत ती त्या जागेवर होती. मधूनच आमच्यावर ओरडत होती, मधूनच सांगत होती. माजघरातल्या काचेच्या कौलातून पडणारा कवडसा उंबऱ्याशी आला की ती तांदूळ वैरायची, कारण घरात घड्याळ एकच होतं आणि ते ओटीवर, पुरुषांच्या बाजूला. सासूबाईंनी तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यात शिकवलेली ही वेळ. हे मी या घरात जन्मून कधी ऐकलं नव्हतं. काम चालू होतं म्हणून ते निघालं. नुसतं समोर बसून 'काकू, जुन्या आठवणी सांग' म्हटलं असतं तर निघालं नसतं.

त्या दिवसांत ती दोन वेळा पोटभर जेवली आणि रात्री झोपली. मी डॉक्टर नाही, औषधाच्या जागी कौलं वाजवा असं मी कुणाला सांगणार नाही. पण तब्येत म्हणजे फक्त बीपी आणि शुगरचे आकडे नव्हेत, एवढं मी ठामपणे म्हणेन. आपल्यावाचून एखादं काम अडतंय, हे माणसाला अंगात जाणवावं लागतं. दादाही निवृत्तीनंतर फोन घेऊन बसलेला असायचा. तोही खांदे दुखेपर्यंत राबला आणि आता तालुक्यातल्या कोणत्या घरात कुठल्या कारखान्याची कौलं आहेत, हे विचारत हिंडतो.

ते विचारायचं कारण आहे. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी मंगळूरला नेत्रावतीच्या काठी 1865 साली कौलांचा कारखाना काढला. त्यानंतर तिथे इतरही कारखाने निघाले आणि ही चपटी कौलं कोकणभर आली. त्याआधी गावच्या कुंभाराने घडवलेले नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, किंवा पेंढा. कौल उलटं केलं की पाठीवर कारखान्याचं नाव आणि शिक्का दिसतो. आमच्या ओटीवरच्या कौलांवर बासेल मिशनचं नाव आहे आणि 1865 आकडाही आहे. पोरं तो आकडा बघून हरखली, पण ते साल कारखान्याचं आहे, कौल नंतरचं असू शकतं. महत्त्वाचं हे की एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या शेजारी नीट बसत नाही. खाच थोडी इकडेतिकडे असते आणि तिथूनच पाणी येतं. म्हणून फुटक्यांच्या जागी त्याच शिक्क्याची जुनी कौलं शोधावी लागतात. ती मिळतात कुठे, तर ज्यांनी पत्रा घातला त्यांच्या परसात.

म्हणून एक विनंती. दापोली, मंडणगड, खेड, गुहागर भागात कुणी छप्पर उतरवत असेल तर कौलं फोडून भरावाला टाकू नका. पाठीवरचा शिक्का बघा, फोटो काढा आणि खाली कमेंटमध्ये टाका. आम्हाला बासेल मिशनची साधारण शंभरेक लागतील. दुसऱ्या शिक्क्याची असली तरी सांगा, दादाच्या वहीत ती शोधणाऱ्या बऱ्याच घरांची नावं आहेत. न्यायला गाडी आम्ही आणू. वाजवून घ्यायला काकू येणार म्हणते आहे.