बढती, बदली आणि चौथी सीट

बँकेत बढती कधी एकटी येत नाही, बदलीला बरोबर घेऊनच येते, हे बायकोला लग्नाआधीपासून माहीत होतं आणि मला लग्नानंतर कळलं. या वेळची तिची बदली नाशिकहून मुंबईला, ऑफिस वांद्र्याच्या बीकेसीत. ऐकल्यावर मी पेढे आणायला निघालो आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत मनात घरभाड्याचा हिशोब सुरू झाला, म्हणून अर्धा किलोच आणले.

मी सातपूर एमआयडीसीत अकाउंट्सला, त्यामुळे साहजिकच एक्सेल उघडली. एका कॉलममध्ये नाशिक, दुसऱ्यात मुंबई. बायकोची हातात पडणारी पगारवाढ एका चौकोनात मावली. मुंबईचा खर्च लिहायला बसलो तर रो संपेनात. बँक घरभाडं देते, पण त्याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा ज्याने ठरवली त्याचं मुंबईत स्वतःचं घर असणार हे नक्की. मुलुंडला टू बीएचके म्हटलं की ब्रोकर ५०,०००च्या खाली तोंडच उघडत नाही. फोटो पाठवले त्यात हॉल एवढा मोठा दिसत होता की आई म्हणाली यात माझं भजनी मंडळ बसेल. प्रत्यक्षात जाऊन बघितलं तर फोटो काढणारा बहुतेक भिंतीच्या पलीकडे उभा राहिला असावा. मंडळ सोडा, टाळ वाजवायला हात पसरले असते तरी एक भिंतीला आणि एक फ्रिजला लागला असता.

ब्रोकर मात्र भारी माणूस. "सर, कन्व्हर्टिबल टू बीएचके आहे." म्हणजे काय तर वन बीएचकेच, फक्त हॉलमध्ये पार्टिशन टाकायची तुमची मानसिक तयारी हवी. "स्टेशन पाच मिनिटं." कोण चालणार त्यावर आहे ते. "ओनर एकदम जेंटलमन, फक्त ओन्ली फॅमिली, व्हेज, आणि भिंतीला खिळा मारायचा नाही." डिपॉझिट सहा महिन्यांचं, ब्रोकरेज एक महिन्याचं, करार अकरा महिन्यांचा. आता वर्षाच्या आतला करार करून नोंदणी टाळायची, हे अकराचं मला कायम कोडं आहे, कारण महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी तशीही करावीच लागते, अकरा महिने असो नाहीतर छत्तीस. हे मी त्याला ऐकवलं तर तो म्हणाला, "सर, तुम्ही वकील आहात का? ओनरला वकील चालत नाही."

डोंबिवलीचे मामा म्हणाले, भाडं भरणं म्हणजे पाण्यात पैसे, सरळ विकत घे. घेऊ की. १ कोटीचा फ्लॅट धरला (मुंबईत १ कोटीला जे मिळतं त्याला फ्लॅट म्हणायची पद्धत आहे), तर मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ६ लाख, वर नोंदणीचे ३०,०००. अजून दाराचं कुलूपसुद्धा उघडलेलं नाही आणि नुसत्या कागदावर सहा लाख तीस हजार गेले. मी सहज बोलून गेलो की बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत असते. बायको इतका वेळ मोबाईलमध्ये होती, तिने मान वर केली. "एक लाख वाचतात? मग माझ्याच नावावर घेऊ." तेव्हापासून खरेदीचा विषय मी परत काढलेला नाही.

मग नाशिकच्या माणसाला सुचतो तो उपाय सुचला, अप-डाउन. पंचवटी एक्स्प्रेस आहे, पासधारकांचा शिस्तीसाठी नावाजलेला आदर्श कोच आहे, लोक वर्षानुवर्षं करतात, त्यांना माझा दंडवत. पण परतीची पंचवटी सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाला, आणि बँकेतला ऑफिसर त्या वेळेला दिवसातला पहिला निवांत चहा पीत असतो. ऑफिसातला एक मित्र म्हणाला अरे समृद्धी झाली ना, २०२५च्या जूनमध्ये इगतपुरी ते आमणे सुरू झाला रस्ता, भुर्रकन मुंबई. आमणेपर्यंत भुर्रकन, हे मान्य. आमणे आहे भिवंडीजवळ, आणि तिथून बीकेसीपर्यंत काय होतं यावर समृद्धीचं कौतुक करणारा एकही माणूस बोलत नाही, विषयच बदलतो.

राहता राहिली डोंबिवली. मामांनी ट्रेनिंगच घेतलं आमचं. सकाळी मुंबईला जायचं तर आधी उलटं कल्याणला जायचं, म्हणजे बसायला जागा मिळते. बायकोने विचारलं, "मामा, म्हणजे रोज ऑफिसला जायला आधी ऑफिसपासून लांब जायचं?" मामा म्हणाले, "हळूहळू कळेल." मग चौथी सीट. तीन माणसांच्या बाकावर चौथ्याने बसायचं, बसायचं म्हणजे एका बाजूने टेकायचं आणि दुसरी बाजू पॅसेजमध्ये सोडून द्यायची. मामांनी हे सोफ्यावर करून दाखवलं. मी, मामी, आमची मुलगी आणि कडेला मामा, चेहऱ्यावर काय समाधान! रिटायर होऊनही माणूस सोफ्यावर तसाच बसतो, हे मामीने नंतर स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. मामा डोंबिवलीचं कौतुक करत होते, ठाण्याची आत्या फोनवर ठाण्याचं, बोरिवलीचा चुलतभाऊ नॅशनल पार्कची हवा. मुंबईतल्या प्रत्येकाला आपलं सोडून बाकीची सगळी उपनगरं राहायला अशक्य वाटतात, आणि मला वाटतं याबाबतीत सगळेच बरोबर आहेत.

मुलीचा प्रश्न एकच, सायकल कुठे चालवायची. मी म्हटलं सोसायटीत. मग सोसायटी बघितली तर तिथे मेकॅनिकल पार्किंग, गाड्या एकमेकींच्या डोक्यावर. वॉचमन म्हणाला वरची गाडी काढायला खालच्यावाल्याला फोन करावा लागतो कधीकधी, माणूस चांगला आहे, फक्त नाइट शिफ्टला असतो. मुलीने वर लटकलेल्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही, पण सहावीतल्या पोरीची ती नजर मला अप्रेझलच्या वेळी साहेबाकडूनही मिळालेली नाही.

बढती नाकारता येते, पण मग पुढची काही वर्षं नाव मागे पडतं, आणि बायकोने परीक्षा पहाटे उठून, डबे करून दिलेली, त्यामुळे नाकार असं म्हणायची माझी छाती नाही. आमची रोज रात्री मीटिंग होते, एक्सेलमध्ये एक रो वाढते, आम्ही झोपतो.

या सगळ्यात आई गप्प होती. काल जेवताना म्हणाली, तुम्ही तिघं जा, मी इथेच राहते. मला भरून आलं. म्हटलं, "आई, एवढ्या मोठ्या घरात एकटी?"

"एकटी कशाला? तुमची बेडरूम भाड्याने देते. शेजारच्या काकूंची भाची येतेय नोकरीला, मी बोललेय तिच्याशी. व्हेज आहे. करार अकरा महिन्यांचाच करायचा ना रे? आणि तो तुझा मुलुंडचा माणूस डिपॉझिट किती म्हणाला होता, सहा महिन्यांचं? बरं आहे. आणि तिला सांगून ठेव, भिंतीला खिळा मारायचा नाही."