वजन काय नाही ओ त्याला!

मी दुबईला जाणार हे मला कळायच्या आधी आमच्या गल्लीला कळलं होतं. सकाळी दुधाला गेलो तर डेअरीवाला म्हणाला, "गुर्जी, कवा चाललासा?" मी नुसताच बघत राहिलो. हल्ली माझ्या वयाच्या माणसाला असा प्रश्न कुणी विचारला की धस्स होतं. तेवढ्यात त्यानंच खुलासा केला, "माझा मेव्हणा हाय की दुबईत. चटणीचा एक डबा न्यायचा होता. वजन काय नाही ओ त्याला."

घरी येऊन बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लेकीनं तिकीट काढलंय. तुमचं एकट्याचंच. मी दिवाळी सोडून कुठं जाऊ? काल रात्री मी सांगितलो न्हवं तुमास्नी?" आमच्याकडच्या बायका 'सांगितलो', 'आलो', 'गेलो' असंच बोलतात, पुण्याचे पाहुणे आले की त्यांना वाटतं घरात आणखी एक पुरुष आहे. काल रात्री मला कुणीही काहीही सांगितलेलं नव्हतं, पण पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला कोणता वाद घालण्यात अर्थ नाही एवढं कळतं.

तर माझ्या तिकिटावर ३० किलो सामान होतं, वर हातातलं ७ किलो. हा आकडा बायकोनं शेजारच्या मावशींना सांगितला आणि तिथून पुढं तो माझा राहिला नाही. दुबईत लेकीच्या बिल्डिंगच्या आसपास आमच्या बेळगाव भागातली आठ-नऊ घरं आहेत. कुणी अनगोळचं, कुणी खानापूरचं, एक जोडपं निपाणीचं. शनिवारी सगळी एका घरी जमतात, जेवतात आणि आपापल्या गावचं कसं चांगलं यावर भांडतात. त्यांच्या सगळ्यांच्या आया, सासवा आणि मेव्हणे इथं आहेत. ते सगळे एकेक करून आमच्या घरी यायला लागले.

संकेश्वरी मिरच्या दोन किलो. "तिकडच्या मिरचीला नुसता रंग ओ, जीव नाही." ज्वारीच्या कडक भाकरी, पन्नास. कारळ्याची चटणी, जवसाची चटणी, शेंगाचटणी. कुंद्याचे डबे तर इतके जमले की आमचं कपाट हलवाईच्या दुकानासारखं दिसू लागलं. आता कुंदा म्हणजे काय, दूध आटवत आटवत तपकिरी, दाणेदार होईपर्यंत परतलेला ऐवज. चार-पाच लिटर दुधातलं पाणी तेवढं उडालेलं असतं, बाकी सगळं वजन डब्यात शिल्लक असतं. पण तो आणून देणारा प्रत्येक जण दारातच चप्पल न काढता म्हणायचा, "वजन काय नाही ओ त्याला."

एकच माणूस खरं बोलला. वरच्या गल्लीतल्या तात्यांनी चुरमुऱ्यांचं पोतं आणलं. अर्धं पोतं. लेकीच्या मैत्रिणीला भडंग करायला इथलेच चुरमुरे हवे होते. "गुर्जी, याला मात्र खरंच वजन नाही," तात्या म्हणाले. खरंच नव्हतं. फक्त ते बॅगेत ठेवल्यावर बॅगेत दुसरं काही ठेवता येत नव्हतं.

मी लेकीला फोन केला. "काय ग, तिथं काहीच मिळत नाही का?"

"सगळं मिळतं की बाबा. इथल्या करामा भागात जा, बर दुबईत जा, लोणच्यापासून पापडापर्यंत सगळं आहे."

"मग?"

"पण ते तिथलं असतं," ती म्हणाली.

यावर काय बोलणार! आम्ही बेळगावातल्या शहापूरचे लोक तसे परदेशाला सरावलेले. माझे आजोबा जन्मले तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं. १९४८ ला ते मुंबई राज्यात गेले, १९५६ ला म्हैसूर राज्यात, १९७३ ला कर्नाटकात, आणि या सगळ्या प्रवासात त्यांची कट्ट्यावरची बसायची जागासुद्धा बदलली नाही. सामान शून्य किलो. २०१४ ला आमच्या गावाचं स्पेलिंगही बदललं, Belgaum चं Belagavi झालं. माझ्या पासपोर्टावर जन्मगाव जुनंच आहे, पत्ता नव्या गावाचा. म्हणजे कागदावर मी एका गावात जन्मून दुसऱ्या गावात राहायला आलोय, तेही गल्ली न सोडता.

खरा घोळ झाला तो खसखशीवरून.

तिकिटाचा कागद छापून द्यायला माझा एक जुना विद्यार्थी आला होता. तो तिकिटांचाच धंदा करतो. त्याला मी गणितात दोनदा नापास केलंय, त्यामुळं माझ्याशी बोलताना त्याच्या डोळ्यांत नेहमी एक वेगळी चमक असते. स्वयंपाकघरातून तळणाचा वास आला तसं त्यानं विचारलं, "अनारसे काय? खसखस लावलेले?"

"मग काय मोहरी लावतात?" मी म्हणालो.

"गुर्जी, खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. तिकडं ती अमली पदार्थात धरतात. सापडली तर सरळ आत. अनारसा असो नाही तर गरम मसाला असो."

बायको झारा हातात घेऊन बाहेर आली. आत परातीत चाळीस अनारसे निथळत होते. आता अनारसा म्हणजे काय दुकानात जाऊन आणायची वस्तू नव्हे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत कोरडे करायचे, कुटायचे, चाळायचे, गुळात मळून गोळा मुरत ठेवायचा. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही. इतकं करून जाळी पडली तर पडली, नाही तर अनारसा कढईत हसतो आणि सगळा विरघळून जातो. ते चाळीसच्या चाळीस जाळीदार झाले होते. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"खरवडून काढू या," बायको म्हणाली.

त्या संध्याकाळी आमच्या सोप्यात पाच जण मांडी घालून बसले होते. मी, बायको, शेजारच्या मावशी, त्यांची सून आणि तिचा पाचवीतला पोरगा. पोरगा भिंगाची काच घेऊन आला होता, विज्ञानाच्या पेटीतली. प्रत्येकाच्या हातात अनारसा आणि काहीतरी टोकदार: सुई, दाभण, मावशींच्या हातात केसांची पिन. जाळीच्या एकेका छिद्रात एकेक दाणा बसलेला. सुईनं उचकटला की दाणा उडायचा आणि दुसऱ्याच्या अनारशावर जाऊन चिकटायचा. अर्ध्या तासानं माझ्या हातात अनारशाचे तीन तुकडे होते आणि खसखस अजून होतीच. तेवढ्यात दारातून तात्या डोकावले. "काय करूलालासा ओ सगळे?" पोरगा मान वर न करता म्हणाला, "आजोबांना जेलमधून सोडवूलालोय."

बायकोनं झारा खाली आपटला. "राहू दे. तीळ लावून परत करतो." म्हणजे परत तीन दिवस भिजवणं आलं. खरवडलेले अनारसे आम्हीच खात बसलो. चव उत्तम होती. रूप मात्र उंदरानं आधी चाखून बघितल्यासारखं.

त्याच विद्यार्थ्यानं जाता जाता दारात वळून दुसरा बाण सोडला होता, तो आधी कुणाच्या लक्षात आला नाही. "आणि सुकं खोबरं विमानात चालत नाही गुर्जी. तेल असतंय, आपोआप तापून पेट घेतंय म्हणतात. धोक्याच्या मालात नाव हाय." मी आयुष्यभर खोबऱ्याच्या वाट्या डब्यात बघितल्या, एकीनंही कधी पेट घेतला नाही. पण नियम तो नियम. खोबऱ्याच्या वाट्या गेल्या. करंज्या तर खोबरं आणि खसखस दोन्ही घेऊन बसलेल्या, म्हणजे डबल गुन्हेगार. त्या बायकोनं न विचारता शेजारी वाटून टाकल्या. मग तिनं डेअरीवाल्याचा चटणीचा डबा उघडून वास घेतला आणि डोळे मिटून सांगितलं, "दोन्ही हाईत." मी तो परत द्यायला गेलो. तेव्हापासून तो मला दुधावर साय कमी देतो.

निघायच्या चार दिवस आधी वजन केलं. शेजारच्या जिमला जाणाऱ्या पोराकडून काटा आणला. बॅग त्यावर नीट उभी राहीना, म्हणून आधी मी एकटा चढलो, मग बॅग कवटाळून चढलो. वजाबाकी मी करणार होतो, पण बायकोनं पहिलाच आकडा खिडकीतून गल्लीला ऐकू जाईल असा वाचला. "८४ किलो २०० ग्रॅम!" मग बॅगेसकट १२१ किलो ७००. म्हणजे बॅग साडेसदतीस. साडेसात किलो जास्त.

"काय काढू?" मी विचारलं.

"तुमीच साडेसात किलो कमी करा की," ती म्हणाली. "चार दिवस हाईत अजून."

चुरमुरे काढले, कडक भाकरी निम्म्या केल्या, मिरच्या एक किलोवर आणल्या. कुंद्याला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही, कारण प्रत्येक डब्यावर पाठवणाऱ्याचं नाव चिकटवलेलं होतं.

राहिले मांडे. लेकीची खास मागणी. तिच्या लग्नात झाले होते तसे. मांडे करणाऱ्या बाईंच्या घरी गेलो तेव्हा त्या कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत होत्या. बघता बघता तो धोतरासारखा पातळ झाला आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर पसरला. वर सारण, चारी बाजूंनी घडी, झालं. मी भीत भीत म्हणालो, "बाई, सारणात खसखस नको."

त्यांचे हात थांबले. "खसखस नको? मग मांडा तरी कशाला?" दुबईचा कायदा समजावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "करतो. पण कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका." पैसे मात्र खसखशीसकट घेतले.

मांडे बॅगेत जाणं शक्य नव्हतं. पापडापेक्षा नाजूक जात. पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून ते मी चोर्ला घाटातून गोव्यापर्यंत मांडीवर घेऊन बसलो. दर वळणाला ड्रायव्हर माझ्याकडं आरशातून बघायचा. मी त्याला म्हणायचो, "सावकाश, पेशंट हाय."

गोव्याच्या विमानतळावर बॅग भरली ३२ किलो ४००. काउंटरवरच्या पोरीनं गोड आवाजात पैसे सांगितले. तेवढ्या पैशांत कुंद्याचे तेवढेच डबे नव्यानं विकत घेता आले असते. मी कोपऱ्यात बॅग उघडली. मिरची काढावी तर संकेश्वरचे पाहुणे, भाकरी काढावी तर मावशी. सगळ्यांवर नावं. शेवटी एकच गोष्ट अशी होती जिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. दोन पँटी, चार शर्ट, एक स्वेटर, चपलांचा जोड. पुतण्या सोडायला आला होता, त्याच्या हातात दिले. बरोबर अडीच किलो भरले. गणित पस्तीस वर्षांनी कामाला आलं.

दुबईत उतरलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय माझं काही नव्हतं. तपासणीच्या पट्ट्यावर खोकं गेलं तसं माझं काळीज खाली गेलं. वाटलं, कुठल्या तरी घडीत एखादा चुकार दाणा अडकला असेल. तिथल्या माणसानं पडद्यावर बराच वेळ बघितलं. एकावर एक ठेवलेले घडी घातलेले कागदच दिसत असणार. मग हात हलवून जा म्हणाला. फायली घेऊन आलेला कारकून समजला असेल.

शनिवारी सगळे जमले. मी जावयाच्या पँटला सेफ्टी पिन लावून बसलो होतो. कुंद्याचे डबे नावाप्रमाणे वाटले आणि मग लेकीनं खोकं उघडलं. मांड्यांची एक घडी शाबूत नव्हती. खोकंभर चुरा. क्षणभर कुणी बोललं नाही. मग निपाणीच्या वैनींनी वाट्या आणि चमचे आणले आणि वर गरम दूध ओतलं. मोठी माणसं, गाड्या-बिड्या असलेली, डोकं खाली घालून खात होती. अनगोळचा एक जण, अकरा वर्षं तिथं आहे, त्यानं दुसरी वाटी संपवली, तळाचं दूध पिऊन टाकलं आणि माझ्याकडं वळला.

"काका, यात खसखस घातली नाही काय? चव येत नाही ओ त्याशिवाय."